रकाना चौथा : आवडीचे पदार्थ

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

कंपनीने दिलेल्या फॉर्ममध्ये रोज भरायचे रकाने सोळा आहेत. किती चमचे गेले, किती वेळ लागला, ठसका आला का, आला तर किती वेळा. माणसाला काय वाटलं, याला रकाना नाही. म्हणून ही डायरी. कपाटात रेल्वेची २०१९ सालची कोरी डायरी पडून होती. वार जुळत नाहीत, तेवढे खोडून लिहीन. तेहेतीस वर्षं कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, रोज सोलापूरहून गाडीने जाऊन येऊन. नोंद ठेवल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही.

यंत्र काल आलं. माझी मुलगी चैताली पुण्यात ज्या कंपनीत आहे, ती अन्न छापायची यंत्रं बनवते. हो, छापायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो होतो. शिलाई मशीनच्या पेटीएवढा पांढरा डबा आहे. आत स्टीलच्या तीन नळ्या. त्यांत शिजवून गुळगुळीत वाटलेलं अन्न भरायचं. खाली बारीक तोंड आहे, ते फिरत फिरत थरावर थर सोडत जातं. जिलेबीवाल्याचा हात फिरतो तसं. दिसायला गाजर म्हणा, मासा म्हणा, सांगाल ते तयार होतं आणि जिभेवर ठेवलं की लोण्यासारखं मऊ.

हे सगळं चांगुणासाठी. मार्चमध्ये तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळण्याची ताकदही कमी झाली. घट्ट काही दिलं तर श्वासनळीत जायची भीती, पातळ दिलं तरी तीच. आठ महिने वाटीत लगदा कालवून देतोय. वरण असो, भाजी असो, रंग एकच, भुरा. तिने तोंड फिरवलं तर तिचं काय चुकलं? बावन्न किलोची बाई एक्केचाळीसवर आली आहे.

दवाखान्यात गिळण्याची तपासणी करतात त्या वैजयंती मॅडमनी स्वच्छ सांगितलं आहे. २९ डिसेंबरला वजन करायचं. अडतीसच्या खाली गेलं तर पोटाला भोक पाडून नळी बसवायची, मग तोंडाने खाणं जवळजवळ संपलंच. नाकातली नळी चांगुणाने डाव्या हाताने दोनदा उपसून काढली होती. मॅडम नळी म्हणाल्या तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं.

फॉर्मचं पहिलं पान एकदाच भरायचं असतं. रकाना चौथा : रुग्णाच्या आवडीचे पाच पदार्थ. वांग्याचं भरीत, कडक भाकरी, शेंगाची चटणी, सुकं मटण, झणझणीत आमटी. दोन मिनिटांत लिहून टाकलं. चौतीस वर्षं या घरात हेच तर शिजत आलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पहिलं वांगं छापलं. चप्पल झाली. चैताली मोबाईलवर बघत होती, तिला हसू आवरेना. म्हणाली, "पप्पा, पाणी कमी घाला, ते बसतंय खाली." दुसरं बरं आलं. वर बिटाच्या रसाचा जांभळा हात दिला, पालकाचं देठ छापलं. बाजारात ठेवलं असतं तर गिऱ्हाइकाने भाव विचारला असता.

चांगुणाला उशीला टेकवून बसवली, पुढे प्लेट ठेवली. तिने वांग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने प्लेट माझ्याकडे सरकवली.

"नको? अगं, बघ तरी. वांगं हाय."

परत सरकवली. नको म्हणजे नको. शेवटी मी चमच्याने भरवलं, चार चमचे गेले. पाचव्याला ओठ मिटले.

रकाना नऊ : रुग्णाचा प्रतिसाद. 'नकार' लिहिलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चार दिवसांत सरासरी पाच चमचे. लगद्याचेही तेवढेच जायचे.

वर्कशॉपमध्ये एक नियम होता. इंजिन बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि इंजिन सुरू झालं तर कशाने झालं हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. तोच नियम इथे लावला. वहीत तक्ता आखला. मीठ, गरमपणा, आकार, रंग, नळीचं तोंड किती बारीक, जेवायची वेळ. रोज एक बदलायची आणि चमचे मोजायचे.

ठरल्याप्रमाणे तिला साडेबाराला भरवतो. मग प्लेट धुतो, यंत्राच्या नळ्या धुतो, फॉर्म भरतो आणि मग माझं जेवण. ते स्वयंपाकघरात दार लोटून, ओट्यापाशी उभ्यानेच. तिच्यासमोर खायचं कसं? जिला पाणी गिळता येत नाही तिच्यापुढे बसून मी भाकरी मोडू? शेजारच्या नागव्वाक्का रोज दोन कडक भाकऱ्या देतात, त्या मी आमटीत भिजवून ठेवतो. कडक भाकरी मोडली की कट असा आवाज होतो, तो पलीकडे जायला नको. भिजवली की माणूस मुकाट्याने जेवतो.

घरात माणसं दोन आणि आवाज एकाचाच, तोही यंत्राचा.

३० नोव्हेंबर, रविवार

आज चैताली आली होती. सकाळच्या गाडीने आली, आल्या आल्या यंत्र उघडून बसली. ओटाभर नळ्या, चकत्या, पाने-पक्कड. बापाची लेक आहे. पाय ठेवायला जागा नव्हती. बाराला मला म्हणाली, "तुम्ही आईपाशी जाऊन जेवून घ्या, इथं नका येऊ. एक चकती हरवली तर सगळं गेलं."

नाइलाज झाला. ताट घेऊन चांगुणाच्या खोलीत स्टुलावर बसलो, तिच्याकडे पाठ करून. चोरासारखं जेवलो. लाज वाटत होती.

मग चैतालीने नवं, जास्त बारीक तोंड बसवून वांगं छापलं. आणि काय सांगू, चौदा चमचे. चौदा. ठसका नाही, ओठ मिटणं नाही. चैतालीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "बघितलंत? आकार महत्त्वाचा. थर जितका बारीक तितकं डोळ्याला खरं वाटतं." मीही मानलं. तक्त्यात 'तोंड बारीक' यापुढे लाल पेनाने बरोबरची खूण केली.

दुपारभर ती पुढचं सांगत होती. दवाखाने, वृद्धाश्रम. उद्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या ताटात त्याच्या तब्येतीप्रमाणे मोजून छापलेलं अन्न असेल. साखर कमी कुणाला, लोह जास्त कुणाला, सगळं यंत्राला ठाऊक. बाजरी, राजगिरा, फेकून देतात तो कोंडासुद्धा चांगल्या रूपात पोटात जाईल. मी म्हटलं, "आणि भांडी कोण घासणार?" ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही ना." त्याचे दोन्ही अर्थ मला कबूल आहेत.

संध्याकाळच्या गाडीने गेली. आईला काय म्हणायचंय ते तिला तरी कळेल असं वाटलं होतं. स्टेशनवर म्हणाली, "आईला खरंच भरीत आवडायचं का हो? मला आठवतच नाही तिला जेवताना बघितलेलं." मी म्हटलं, आवडायचं म्हणजे काय, दर रविवारी करायची.

४ डिसेंबर, गुरुवार

तेच बारीक तोंड, तेच वांगं, तेवढंच मीठ. परवा तीन चमचे, काल चार, आज तीन. वजन एकोणचाळीस किलो आठशे.

आज मी तिच्यावर ओरडलो. "अगं, मरायचंय का तुला? पोरगी तिकडं जीव तोडून काम करायलीय, मी हितं दिवसभर नळ्या धुतोय." तिने परत प्लेट सरकवली माझ्याकडे. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. घेऊन जा म्हणते. मी प्लेट उचलली आणि गेलो. आत जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो. आजारी बाईवर ओरडणारा माणूस व्हायचं तेवढं राहिलं होतं, तेही झालो.

आज जेवलो नाही.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी पांढरे कपडे घालून विहारात गेलो. नागव्वाक्का चांगुणापाशी बसल्या. दरवर्षीप्रमाणे मला दोन शब्द बोलायला लावलं. समतेवर बोललो, घरापासून सुरुवात करा म्हणालो. टाळ्या पडल्या. गेल्या वर्षीपर्यंत चांगुणा बायकांच्या रांगेत शेवटी बसायची आणि मी बोलायला उभा राहिलो की पदर सावरायची. आज तिकडे बघून बोलायची सवय नडली, मधेच शब्द विसरलो.

परत आलो तर नागव्वाक्का आणि ती दोघी खिडकीतून बाहेर बघत बसलेल्या. बोलणं एकीचंच चाललं होतं, अर्धं मराठी, अर्धं कानडी. पण दोघींचं चाललेलं असावं असं वाटलं. मला बघून नागव्वाक्का उठल्या. मी घरात आलो की बायका का उठतात कोण जाणे.

९ डिसेंबर, मंगळवार

यंत्र तुंबलं. ज्वारीच्या पिठाची गुठळी नळीच्या तोंडात बसली होती. अकराला लागलो तो अडीच वाजले. बारीक सुई घातली, गरम पाणी सोडलं, शेवटी सायकलच्या पंपाने हवा मारली तेव्हा कुठे निघाली. भुकेने डोळ्यांपुढे अंधारी आली होती. आमटी केलेली नव्हती. दार लोटायचंही सुचलं नाही. शेंगाची चटणी घेतली आणि कडक भाकरी तशीच कोरडी मोडून कटाकटा खाल्ली. दोन्ही भाकऱ्या संपल्यावर भान आलं की सगळं तिला ऐकू गेलं असणार. फार वाईट वाटलं.

छापायला वेळ नव्हता. वाटीत लगदा घेऊन गेलो, तोच भुरा. माफी मागितली. आणि तिने सबंध वाटी खाल्ली. चाटून पुसून.

तक्त्याचं काय करू? आकार नाही, रंग नाही, बारीक तोंड नाही, वेळही चुकलेली. उशीर झाला म्हणून भूक जास्त लागली असेल असं लिहिलं. चैतालीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे यंत्राचा काही उपयोगच नाही का?" तिची या कामातली तीन वर्षं आहेत. साहेबांना ती काय सांगणार? मी म्हटलं, "तसं नव्हे गं."

११ डिसेंबर, गुरुवार

उशिरा भरवून बघितलं, काल अडीचला, आज तीनला. दोन चमचे, तीन चमचे. म्हणजे उशीरही नव्हे.

१५ डिसेंबर, सोमवार

नवी युक्ती काढली होती. भाकरीच छापायची. हाताने थापलेल्या भाकरीच्या कडेला बोटांचे ठसे असतात, तेही छापायचे. तिला ती स्वतःची वाटावी म्हणून. करायला बसलो आणि अडलो. चांगुणाच्या भाकरीची कड कशी असायची? हजारो भाकऱ्या खाल्ल्या मी. डब्यात चार असायच्या, घडी घातलेल्या, फडक्यात बांधलेल्या. कड आठवेना. शेवटी नागव्वाक्कांची भाकरी समोर ठेवून माप घेतलं.

झाली मात्र झकास. वर दोन ठिकाणी तव्याचे डागसुद्धा आणले. चांगुणाने बोटाने कड चाचपली. मग तिने प्लेट माझ्याकडे सरकवली, स्वयंपाकघराकडे बोट केलं आणि डोळे मिटले. दोन चमचे. वजन अडतीस नऊशे.

घराबाहेर दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसलो. समोरून लोक चालले होते, कुणी नमस्कार केला, कुणी विचारलं, "काय काका, बरं हाय ना?" बरं हाय म्हणालो. फार एकटं वाटतं. इथे लिहूनच टाकतो, कारण दुसरीकडे कुठे टाकणार? पूर्वी एकटं वाटलं तर ते हिला सांगत होतो असंही नाही. पण ती घरात वावरायची, भांडी वाजायची, त्यावरच माझं भागत होतं हे आता कळतंय.

२० डिसेंबर, शनिवार

हे नीट लिहायला हवं.

दुपारी एकला नागव्वाक्का भाकऱ्या घेऊन आल्या. मी प्लेट घेऊन खोलीबाहेर पडत होतो, वांगं जसंच्या तसं.

"आज बी न्हाय खाल्लं?"

"न्हाय."

"आन् तुमी?"

"माझं काय. तिचं झालं की मी खातो आत."

"आत म्हंजे?"

"स्वयंपाकघरात. दार लावून. तिच्याम्होरं कसं खायचं, अक्का? तिला दिसाय नको, ऐकू जाय नको."

नागव्वाक्कांनी भाकऱ्यांचं फडकं ओट्यावर ठेवलं.

"अण्णा, तुमी शिकल्यालं माणूस, पर लई येडं हाव बगा. तुमी जेवल्याबिगर ती घास घेतीय व्हय? कधी घेतला का जल्मात?"

मी म्हटलं, तिला आता एवढं कुठलं कळतंय?

"सगळं कळतंय तिला. तोंड गेलंय, डोस्कं न्हाय गेलं." मग त्या खाली बसल्या आणि सांगू लागल्या. "आमी दोघी मागच्या पायरीवर बसून जेवायचो. ईस वर्सं. मला बाराला भूक लागायची. मी म्हणायची, चल की गं, बस की. तर म्हणायची, थांब अक्का, कुर्डुवाडीला जेवणाचा भोंगा एकला व्हतो. हात धुवायचे, डबा उघडायचा, अर्धा तास धर. त्यांचं जेवण होऊ दे. मग आमी दोनला बसायचो. रोज दोनला. आन् रविवारी तुमी मीटिंगला गेलाव की चार वाजले तरी पाण्यावर."

"मला कधी बोलली न्हाय."

"तुमी कधी इचारलाव?"

मग आता विचारलं, "अक्का, तिला आवडतं काय?"

"करपल्याली कड खायची भाकरीची. तळाची आमटी."

"ते आवडायचं तिला?"

"उरल्यालं आसायचं, अण्णा. आवडीचं कुणाला ठावं? तिला तरी ठावं हाय का, बगा इचारून."

त्या गेल्यावर तक्ता काढला. तीस नोव्हेंबर : मी तिच्या खोलीत जेवलो, मग तिने चौदा चमचे खाल्ले. नऊ डिसेंबर : मी कडक भाकरी कटाकटा खाल्ली, तिला ऐकू गेलं, मग सबंध वाटी. बाकीचे सगळे दिवस मी दार लावून, भाकरी भिजवून, आवाज न करता. मीठ मोजलं, गरमपणा मोजला, नळीचं तोंड मोजलं. मी कधी जेवलो याला माझ्या तक्त्यात रकानाच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा फिटर. आणि ती प्लेट सरकवायची, दाराकडे बोट करायची, ते 'नको' नव्हतं. 'तुम्ही जेवा' होतं. महिनाभर रोज. मी रोज लिहिलं, नकार.

आणखी एक गोष्ट, ती लिहितो. भोंगा एकला व्हायचा खरा. पण किती दिवस मी एकला जेवलो? डबा कुणाला तरी देऊन टाकून कँटीनमध्ये भजी खायचो. कधी इंजिन अडलं की चार वाजायचे. ती इथे भोंग्यावर विश्वास ठेवून दोनला पहिला घास घ्यायची. विहारात मी समतेवर बोलत होतो त्याही दिवशी ती बहुतेक उपाशी असणार.

लगेच विश्वास ठेवायचा नाही, असं मनाला बजावतोय. उद्या एकच गोष्ट बदलायची.

२१ डिसेंबर, रविवार

साडेबारा. वांगं तेच, मीठ तेच, तोंड तेच. तिची प्लेट तिच्यापुढे ठेवली. माझं ताट घेऊन स्टुलावर बसलो, या वेळी तिच्याकडे तोंड करून. कडक भाकरी घेतली आणि मोडली. कट. सगळ्या खोलीत ऐकू आलं.

तिने मान वळवली. मी घास घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्टर गेजच्या काट्याकडे बघायचा तसं. मला गिळवेना. चौतीस वर्षांत माझं जेवण कुणी असं बघितलं नव्हतं, की तिने रोजच बघितलं होतं आणि मीच वर मान केली नव्हती, देव जाणे. अर्धी भाकरी झाली. तिने तोंड उघडलं.

सोळा चमचे. मला रडू आलं, तिला नाही. ती शांतपणे जेवत होती. तिला काम होतं.

संध्याकाळी चैतालीला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, हे फॉर्ममध्ये कुठं लिहायचं?" मी म्हटलं, "सतरावा रकाना करा. घरातलं माणूस जेवलं का?" ती हसली, मग रडली. म्हणाली, "मीसुद्धा घरी आले की आधी जेवायचे आणि उठून जायचे." मी म्हटलं, "तुला कुणी शिकवलं ते मला ठाऊक आहे."

२५ डिसेंबर, गुरुवार

यंत्राला किती नग छापायचे तो आकडा सांगावा लागतो. महिनाभर तिथे एक होता. परवापासून दोन करतो. तिची भाकरी आणि माझी भाकरी, दोन्ही छापलेल्या, दोन्ही मऊ. माझ्या खालच्या दोन दाढा हलताहेत, आज ना उद्या मलाही हेच लागणार. चवीला बरी आहे. आवाज नाही एवढंच.

पण मी आधी आणि ती नंतर हे मला बघवत नाही आता. आज म्हटलं, "चैतालीच्या आई, एक घास तू आधी घे." मानेनेच नाही म्हणाली. मी चमचा खाली ठेवला. तिनेही ओठ मिटले. दहा मिनिटं तसेच बसलो, अन्न गार झालं. शेवटी दोन चमचे भरले, एक तिच्या तोंडाशी, एक माझ्या, आणि दोन्ही बरोबर आत. ते तिला चाललं. तडजोड म्हणा. लग्नाच्या चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा एकत्र जेवलो. जेवण बारा मिनिटांचं. यात आनंद किती मानायचा हे कळत नाही, कारण मागची वर्षं त्यातून वजा होत नाहीत.

२९ डिसेंबर, सोमवार

वजन एकोणचाळीस किलो तीनशे. वैजयंती मॅडमनी काट्यावर दोनदा बघितलं. नळी पुढे ढकलली, एक महिन्याने परत बघू म्हणाल्या. रद्द नव्हे, पुढे. मला तेवढं पुरे. मॅडमनी यंत्राबद्दल विचारलं, इतर पेशंटला लिहून द्यायचं का. मी म्हटलं, द्या की, चांगलं आहे. लगद्यापेक्षा शंभर पटीने बरं, माणसाला आपण माणसाचं खातोय असं वाटतं. फक्त एकट्या पेशंटसाठी छापू नका म्हणावं.

येताना रिक्षात चांगुणाने माझ्या गुडघ्यावर डावा हात ठेवला होता. खड्ड्यांमुळे असेल.

३१ डिसेंबर, बुधवार

उद्या फॉर्मचा गठ्ठा पुण्याला पाठवायचा. पहिलं पान परत वाचलं. रकाना चौथा. पाच पदार्थ, पाचही माझे.

दुपारी यंत्राला तीन नळ्या आहेत त्या तिन्ही भरल्या. एकीत करपवलेल्या ज्वारीची भाकरी, नागव्वाक्का म्हणतात तशा कडेची. एकीत गूळ आणि शेंगदाण्याचं सारण गुळगुळीत वाटून, शेंगापोळीचं. एकीत वांगं. छोटे छोटे तीन नग छापले, एका प्लेटमध्ये ओळीने मांडले. माझ्यासाठीही तसेच तीन छापले, पण तिने माझी वाट बघू नये म्हणून ते मी आधीच संपवले. तिला सांगितलं, "माझं जेवण झालंय. आज मी एकला जेवलो, हे बघ ताट." रिकामं ताट दाखवलं. तिने ताट नीट बघितलं. मग म्हटलं, "आता तू सांगायचं. काय पाहिजे ते घे, नको ते नको. घाई न्हाय."

बराच वेळ तिने काहीच केलं नाही. माझ्याकडे बघायची, प्लेटकडे बघायची. मी काय खावं म्हणतोय ते माझ्या तोंडावर शोधत होती. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

शेंगापोळी आधी गेली. सगळी. मग भाकरीची कड, हळूहळू, पण गेली. मग मी चमच्यावर वांगं घेतलं. तिने ओठ मिटले. मला वाटलं दमली. थोडं थांबून परत नेलं. तिने मान फिरवली आणि कपाळाला आठ्या घातल्या, लहान पोरं कारल्याला घालतात तशा. मग डाव्या हाताने वांगं माझ्याकडे सरकवलं आणि डावीकडच्या अर्ध्या तोंडाने हसली.

चौतीस वर्षं, दर रविवारी, चुलीवर वांगी भाजून, सोलून, ठेचून.

मी खाल्लं ते. मला आवडतं.

मग फॉर्म घेतला, चौथ्या रकान्यातले पाचही पदार्थ खोडले आणि लिहिलं : वांगं नाही. बाकीचं विचारतो आहे.